प्रत्येक देशाचं एक पुस्तक वाचायचंय, पण लेखक कुठल्या देशाचा धरायचा?

पानपलटू
मंडळी, माझं वाचन बघितलं तर इंग्लंड, अमेरिका, थोडे रशियन आणि तोंडी लावायला एखादा जपानी, बास. म्हणून ठरवलंय की जगातल्या प्रत्येक देशाचं निदान एक पुस्तक वाचायचं. अ‍ॅन मॉर्गन नावाच्या ब्रिटिश लेखिकेने २०१२ मध्ये हे एका वर्षात केलं होतं, मला तेवढी घाई नाही, दहा वर्षं लागली तरी चालतील. पण यादी करायला बसलो आणि तिथेच गाडी अडली.

एक तर देश नक्की किती? संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३, पॅलेस्टाइन आणि व्हॅटिकन निरीक्षक, तैवान कशातच नाही. बरं ते सोडा, लेखक कुठला हे कसं ठरवायचं? अब्दुलरझाक गुर्ना झांझिबारचे, तरुणपणीच इंग्लंडला गेले, लिहिलं इंग्रजीत, २०२१ चं नोबेल मिळालं तेव्हा राहत होते इंग्लंडातच. मग टांझानियात टाकू की ब्रिटनमध्ये? बेसी हेड जन्मली दक्षिण आफ्रिकेत आणि लिहिलं बोट्स्वानात बसून. आणि नाउरू, तुवालूसारख्या चिमुकल्या बेटांच्या देशांचं काय करायचं? कुणी असं काही केलंय का, नियम काय ठेवले होते?

खिडकीजवळची_सीट
मी करतेय, अगदी रमतगमत. माझा नियम सोपा आहे, पासपोर्ट बघायचा नाही, पुस्तक कुठल्या मातीतलं आहे ते बघायचं. गुर्नांचं 'पॅराडाइज' पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या पूर्व आफ्रिकेत घडतं, तिथली जर्मन राजवट, व्यापाऱ्यांचे तांडे वगैरे, मग ते टांझानियाचंच ना. बेसी हेड बोट्स्वानाची. एवढा काथ्याकूट करायची गरज नाही हो, यादी तुमचीच आहे, कोण तपासायला येणारे!

एक मात्र सांगते, सुरुवात बारीक पुस्तकांनी करा, ठोकळे नंतर. मारियामा बाचं 'सो लाँग अ लेटर' (सेनेगल, १९७९) घ्या, जेमतेम शंभर पानं असतील. नवरा गेलाय, बाई सुतकात घरात बसलीय आणि मैत्रिणीला पत्र लिहितेय, आणि त्यात हळूहळू बाहेर येतं की याच नवऱ्याने मुलीच्या मैत्रिणीशी दुसरं लग्न केलं होतं. कुठेही आक्रस्ताळेपणा नाही, म्हणून जास्त लागतं. हुआन रुल्फोचं 'पेद्रो पारामो' (मेक्सिको) पण एवढंसंच, पण छोटं आहे म्हणून सोपं समजू नका, त्यात कोण जिवंत आणि कोण मेलेलं हे कळेपर्यंत अर्धं पुस्तक संपतं. आइसलँडचे लॅक्सनेस (नोबेल १९५५) सवडीने वाचा, 'इंडिपेंडंट पीपल'मध्ये मेंढ्या, बर्फ, कर्ज आणि एक महाहट्टी माणूस, मला जाम आवडलं पण दमवतं.

अर्धवटराव
मला ही देश मोजायची भानगडच पटत नाही, स्पष्टच बोलतो. नायजेरियात वीस कोटींच्या वर माणसं आणि लिश्टेनश्टाइनमध्ये चाळीस हजार, दोघांना एकेक पुस्तक? उलटं करून बघा. तिकडे कुणीतरी हेच चॅलेंज घेतलंय, त्याने भारताच्या नावावर इंग्रजीत लिहिलेली एक कादंबरी वाचली, टिक मारली, झाला भारत! मराठी, कन्नड, बंगाली, मल्याळम सगळं गेलं उडत. आपल्याला राग येईल की नाही? मग आपण अचेबे वाचून नायजेरिया संपला म्हणणार ते काय वेगळं आहे? 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) थोर आहेच, वाद नाही, पण ते इंग्रजीत लिहिलेलं. हौसा, योरुबा, इग्बो यात लिहिलेलं राहिलंच. केनियाच्या न्गुगी वा थिओंगोंनी तर इंग्रजीत कादंबऱ्या लिहायचं सोडून गिकुयू धरली, तुरुंगात टॉयलेट पेपरवर कादंबरी लिहिली आणि मग स्वतःच इंग्रजीत आणली, 'डेव्हिल ऑन द क्रॉस'. तेव्हा मोजायचंच असेल तर भाषा मोजा.

पानपलटू
भारताचं उदाहरण बरोबर वर्मी लागलं. पण अर्धवटराव, भाषेने मोजायला गेलो तर हा जन्म पुरणार नाही, आणि अनुवाद मिळायला तर पाहिजेत?

मधली_सुट्टी
अनुवादाचंच तर खरं रडगाणं आहे. अमेरिकेत छापल्या जाणाऱ्या पुस्तकांत अनुवाद साधारण ३ टक्के असं मानतात, रॉचेस्टर विद्यापीठाने अनुवादित साहित्यासाठी साइट काढली तिचं नावच 'थ्री पर्सेंट' ठेवलं. मादागास्करची कादंबरी पहिल्यांदा इंग्रजीत आली ती २०१७ मध्ये, नाइव्होची 'बियाँड द राइस फील्ड्स', आणि तीही मूळ फ्रेंचमधून. मॉर्गनबाईंना साओ तोमेचं इंग्रजीत काही मिळेना तेव्हा ओळखदेख नसलेल्या लोकांनी ओलिंदा बेजाचं पुस्तक आपसात वाटून घेऊन पोर्तुगीजमधून अनुवाद करून दिला, फुकट. अल्बानियाच्या कादरेंची कितीतरी पुस्तकं आधी फ्रेंचमध्ये गेली आणि तिथून इंग्रजीत. म्हणजे भाषा मोजायची म्हटलं तरी आपल्या हातात येतं ते दोन चाळण्यांतून गाळलेलं.

पॅसिफिकसाठी एपेली हाउओफा वाचाच. आईवडील टोंगाचे, जन्म पापुआ न्यू गिनीत, राहिले फिजीत, आता टाका कुठे टाकायचं ते :) त्यांचा १९९३ चा एक निबंध आहे, त्यात म्हणणं असं की समुद्र बेटांना तोडत नाही, जोडतो, तेव्हा तुमच्या याद्यांच्या रकान्यांवर ते खो खो हसले असते. 'टेल्स ऑफ द टिकाँग्ज' हा कथासंग्रह घ्या. टिको नावाच्या काल्पनिक बेटावर परदेशी मदत आणि तज्ज्ञ येऊन धडकतात आणि बेटावरचे लोक त्यांना पुरून उरतात, फिस्सकन हसू येतं. बाकी चिमुकल्या देशांसाठी कादंबरीचा हट्ट सोडा. कथा, कविता, आत्मकथन, लोककथा सगळं चालवा. कॉमनवेल्थ शॉर्ट स्टोरी प्राइझच्या विजेत्या कथा ग्रँटा या ब्रिटिश साहित्यिक नियतकालिकाच्या साइटवर येतात, त्यात कॅरिबियन आणि पॅसिफिकचे नवे लोक सापडतात.

खिडकीजवळची_सीट
अर्धवटरावांचं अर्धं मान्य (नावाला जागले!). पण देशांची यादी नसती तर मी ओमानकडे ढुंकूनही बघितलं नसतं, आणि मग जोखा अल्हार्थीचं 'सेलेस्टियल बॉडीज' सुटलं असतं. अरबीतून अनुवाद, २०१९ चं मॅन बुकर इंटरनॅशनल पारितोषिक. तीन बहिणींची लग्नं म्हणून सुरू होतं, पण खालून वेगळंच काहीतरी वाहत असतं. ओमानमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली १९७० साली, त्यामुळे घरात वावरणारी माणसं कालपर्यंत कुणाच्या तरी मालकीची होती आणि आता नाहीत, पण कुणाला नीट वागता येत नाही, ना मालकांना ना सुटलेल्यांना. काळ सारखा पुढेमागे होतो, पहिल्या पानावरची वंशावळ हाताशी ठेवा. तर माझं म्हणणं, दार देशाचं ठेवा, आत गेल्यावर जमेल तिथे स्थानिक भाषेतून आलेलं निवडा आणि आवडलं तर तिथेच मुक्काम करा. नकाशा पुरा झालाच पाहिजे असं काही नाही.

अर्धवटराव
चालेल. पण नायजेरियाला एकावर सोडू नका, एवढं बघा.

पानपलटू
मंजूर! सेनेगल आणि ओमानपासून सुरू करतो, गुर्ना टांझानियात टाकले. आता मध्य आशियाचं काहीतरी सुचवा, तिथे माझी पाटी अगदीच कोरी आहे. शक्यतो बारीक.

मधली_सुट्टी
किर्गिझस्तान, चिंगीझ ऐतमातोव, 'जमिला', १९५८. एका बैठकीत होतं. नवरा युद्धावर, जमिला गाडीतून धान्य वाहायचं काम करते, सोबत एक अबोल लंगडा सैनिक, आणि हे सगळं सांगतोय तिचा लहान दीर, ज्याला स्वतःलाच ती आवडते पण ते त्याला धड कळलेलं नाही. सैनिक गायला लागतो तो भाग दोनदा वाचाल.