फेब्रुवारीत मोजलेलं गाव

२०११ च्या जनगणनेचा आकडा देऊन काही जण म्हणतात की शेतीवर भागत नाही म्हणून गाव ओस पडतंय, माणसं कायमची शहरात गेली. शेतीवर भागत नाही हे मान्य, पण आमच्या बीडकडच्या गावांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नका. ती गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली आणि या पूर्ण काळात घरी नसलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजायचा, असा नियम होता. फेब्रुवारी म्हणजे ऐन ऊसतोडीचा हंगाम! दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले कोयते (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी) गाव सोडतात, ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. तोवर पाटोदा, शिरूर, धारूरकडच्या कित्येक वाड्यातांड्यांवर म्हातारी माणसं, काही पोरं आणि दारांना कुलपं.

जनगणनेतल्या व्यवसायाच्या रकान्यांचंही असंच. वर्षात ६ महिने काम असेल तर 'मुख्य', त्याहून कमी असेल तर 'सीमांतिक', आणि शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर यांपैकी एकच खूण. माझा चुलता पावसाळ्यात स्वतःच्या ३ एकरात, मग दुसऱ्याच्या कापसात, नंतर उसाच्या फडात. त्याला कुठे बसवणार? चुलती पहाटेपासून मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायची. पण काय काम करता असं कुणी विचारलं की सांगायची, "घरीच असते."