कंडोमच्या जाहिराती रात्री दहानंतरच का?

वाटसरू : ११ डिसेंबर २०१७ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना कळवले की, कंडोमच्या जाहिराती सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत दाखवू नयेत. त्यासाठी केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील सातव्या नियमाचा आधार घेण्यात आला. राजस्थान उच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर त्याच महिन्यात खुलासा आला की, ही मनाई केवळ लैंगिकदृष्ट्या उत्तान जाहिरातींपुरती आहे. माझा आक्षेप मूळ सूचनेतील गफलतीवर आहे. चित्रण अश्लील आहे की नाही हे पाहण्याऐवजी तिथे वस्तूच अश्लील ठरवली गेली, आणि अत्तराच्या जाहिरातीतली तीच मादकता मात्र भरदिवसा निर्वेध चालू राहिली. ज्या सरकारने कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाखाली ‘निरोध’ या कंडोमचा प्रचार केला, त्यालाच हा संकोच वाटावा याचे नवल वाटते.

समई : ‘निरोध’ची जाहिरात कुटुंबनियोजनाविषयी बोलत असे, नंतरच्या जाहिराती सुखाविषयी बोलू लागल्या, हा फरक आपण सोयीस्करपणे वगळला आहे. कार्यक्रम आपण निवडून लावतो, जाहिरात मात्र न विचारता क्रिकेटच्या दोन षटकांमध्ये येते आणि त्या वेळी शेजारी सासरे व नातू दोघेही बसलेले असतात. शिवाय हा प्रश्न मंत्रालयाकडे जाहिरात क्षेत्राच्याच स्वयंनियमन संस्थेने, म्हणजे अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने, नेला होता.

काजवा : वेळेचे बंधन मलाही मान्य आहे, पण ते कोण घालणार? एप्रिल २०१२ मध्ये ‘द डर्टी पिक्चर’ या हिंदी चित्रपटाला दूरचित्रवाणीसाठी अनेक काटछाटी करून सेन्सॉर मंडळाने यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असे) प्रमाणपत्र दिले होते, तरीही मंत्रालयाने तो रात्री अकरानंतर दाखवण्यास सांगितले आणि त्या रविवारचे प्रक्षेपण ऐन वेळी रद्द झाले. एकाच सरकारच्या एका हाताने दिलेली परवानगी दुसऱ्या हाताने काढून घेतली, तर वाहिनीने नेमके कोणाचे ऐकावे?

समई : त्या प्रकरणी आपले म्हणणे मला पटते. मात्र केबलवरून घरात शिरणारे प्रौढांसाठीचे चित्रपट थांबले ते मुंबई उच्च न्यायालयात एका प्राध्यापिकेने केलेल्या याचिकेमुळे. वाहिन्यांनी आपण होऊन काही केले नव्हते. त्यामुळे प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकायला २०११ पासून वाहिन्यांचीच तक्रार परिषद आहे, एवढ्यावर मी निर्धास्त राहू शकत नाही.

वाटसरू : निर्धास्त राहा असे मीही म्हणत नाही. परिषदेने तक्रारीतले दृश्य पाहून निर्णय द्यावा आणि तो चुकला तर न्यायालयात जावे. पण दृश्य न पाहताच सोळा तासांची सरसकट बंदी घालण्याचा अधिकार मंत्रालयाला नसावा.