सल्ला हवा: पंधरा मिनिटांचा प्रवेश, मॅकबेथ की सुधाकर?

गोदाकाठ: नमस्कार मंडळी. नाशिकरोडचा हौशी संच आहे. परशुराम साईखेडकर नाट्यगृहात पंधरा मिनिटांचा प्रवेश करायचाय. नायकाच्या आतलं सत्-असताचं भांडण लोकांना दिसलं पाहिजे, एवढीच अट. शेक्सपिअरचा मॅकबेथ की गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर, इथे गाडी अडली आहे. मॅकबेथसाठी मुलगा आहे, आवाज उत्तम, पण पहिल्या वाक्यापासूनच खुनशी दिसतो. नेपथ्य जवळपास नाहीच. संहिता, तालीम, रक्त, सगळ्यावर बोला.

विंगेतून: मॅकबेथ घ्या. पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश, दुसऱ्यातलं, हवेत भासणाऱ्या खंजिराचं स्वगत आणि लगेच खुनानंतरचा प्रवेश, असं सलग जोडा. बँको-फ्लीन्स या बापलेकांचा तुकडा काढलात की दोनच नट लागतात.

मुलगा खुनशी दिसतो, कारण तो राजा डंकनचा खून ठरवून रंगमंचावर येतोय. सातव्या प्रवेशातलं स्वगत नीट वाचायला लावा. सुरुवातीला नीतीचा विचारच नाही, आहे ती भीती: आपण शिकवलेला रक्तपात आपल्यावरच उलटेल. मग नाती येतात. डंकन आप्त आहे, राजा आहे आणि आज रात्री घरचा पाहुणा आहे. पाहुण्यासाठी दार राखायचं, तर सुरा कसला उचलायचा? त्यानंतर डंकनचा चांगुलपणा आणि करुणेची प्रतिमा. शेवटी त्याच्या हाती कारण म्हणून उरते फक्त महत्त्वाकांक्षा. या चार टप्प्यांना चार वेगळे श्वास हवेत. नट बहुतेक वेळा पहिल्या ओळीपासून अपराधी चेहरा घेतात आणि मग चढायला जागाच राहत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या स्वगतानंतर तो बायकोला स्पष्ट सांगतो की हे आता पुढे न्यायचं नाही. ते वाक्य मनापासून, सुटका झाल्यासारखं आलं पाहिजे. तिथे सत् खरोखर जिंकलेलं असतं. ते जिंकलं नाही तर लेडी मॅकबेथला पाडायला काही उरतच नाही, आणि पुढचा अख्खा प्रवेश नुसता आरडाओरडा होतो. तालमीत आठवडाभर एवढंच करा: स्वगत, नकार, थांबा. तिचं उत्तर घेऊच नका.

तिसरी घंटा: सुधाकरही कमी नाही हो. त्याचा मानीपणा हाच त्याचा गुण आणि तिथूनच पडझड. वकिलीची सनद जाते, अपमान पचत नाही, आणि तळीराम प्याला पुढे करायला तयारच असतो. पण त्याची घसरण पाच अंकांत पसरलेली आहे. पंधरा मिनिटांत नुसता दारुडा दिसेल, आणि गडकऱ्यांची लांब वाक्यं मध्येच कापली की लय जाते. तुमच्या वेळेत मॅकबेथच बसेल.

खंजिराबद्दल. प्रोजेक्शन, लटकवलेला सुरा, काही नको. समोर आठ-दहा फुटांवर, नजरेच्या किंचित खाली एक बिंदू पक्का करा. नट वर बघतो आणि बाल्कनीखालच्यांना फक्त हनुवटी दिसते, ही नेहमीची चूक. म्यान डाव्या कमरेला हवं, कारण उजवा हात हवेतून रिकामा परततो आणि त्याच हाताने स्वतःचा सुरा उपसायचा असतो. हा रिकामा हात सावकाश येऊ द्या.

प्रकाशवाला: रक्तासाठी अर्धी वाटी लिक्विड ग्लुकोज, दोन-तीन चमचे पाणी, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. कोको नसेल तर सरबतासारखं दिसतं. नुसता साखरेचा पाक नको, बोटं चिकटतात आणि सुरा सुटत नाही. भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घातले तर कपड्यांवरून निघायला मदत होते, पण मग तोंडाजवळ नेऊ नका. आधी चिंधीवर चाचणी घ्या.

रात्र म्हणून सगळीकडे निळा टाकाल तर रक्त काळं दिसेल. निळा पाठीमागे ठेवा आणि हातांवर एकच अरुंद पांढरा स्पॉट, छातीच्या उंचीला. नटाने हात त्या उंचीवर आणायची सवय तालमीतच लावा.

विंगेतून: खुनानंतर पहारेकऱ्यांचे दोन्ही सुरे मॅकबेथच्याच हातात परत येतात. ते लेडी मॅकबेथच्या लक्षात येईपर्यंत प्रेक्षकांना दिसले पाहिजेत, लपवू नका. प्रार्थनेअखेरचं ‘आमेन’ घशात अडकल्याचं तो सांगतो तेव्हा रडू नये. त्याला खरंच कळत नाहीये की आशीर्वादाची सर्वात जास्त गरज असताना तो शब्द का फुटला नाही. आतलं सत् अजून जिवंत आहे, याचा हा पुरावा. दारावरची थाप रेकॉर्डेड नको. विंगेत जाड फळी ठेवा, ठोके असमान अंतराने.

गोदाकाठ: फार मोलाचं. ‘मॅकबेथ’वरून केलेलं शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ घ्यावं का?

तिसरी घंटा: वाचाच, सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) चौकशी करा. प्रयोगासाठी मात्र हक्कधारकांची लेखी परवानगी लागेल. शिरवाडकर 1999 साली गेले, म्हणजे हक्क अजून बरीच वर्षं आहेत. मूळ शेक्सपिअरवरून स्वतः भाषांतर केलंत तर तो प्रश्न येत नाही. नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचं दोन्हीकडे बघावं लागेल, आणि ते काम संहिता पक्की झाल्याच्या दिवशीच सुरू करा.