सहा फुटी टाकीत मोठे मासे ठेवायचे आहेत, कोणते घ्यावेत?

काचघर (कोथरूड)

नमस्कार. गेली नऊ वर्षे आमच्याकडे तीन फुटी टाकी असून तिच्यात मॉली, गप्पी आणि एंजल असे लहान मासे आहेत. आता बैठकीच्या खोलीचे काम काढले आहे आणि एका भिंतीला सुताराने सहा फुटांची जागा मोकळी सोडली आहे. तिथे ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि अडीच फूट उंच टाकी करून घ्यावी असे मनात आहे. घर दुसऱ्या मजल्यावर आहे.

एक सिल्व्हर अरोवाना, दोन ऑस्कर, एक रेडटेल कॅटफिश, चार ‘शार्क’ आणि काच साफ ठेवायला एक सकर, अशी यादी केली आहे. सगळी पिल्ले दोन-तीन इंचांची मिळतात आणि मासा टाकीच्या मानानेच वाढतो, त्यामुळे काळजीचे कारण नाही, असे दुकानदाराचे म्हणणे आहे. जाणकारांनी ही यादी कितपत योग्य आहे आणि तीत काय बदल करावेत ते सांगावे.

भीमातीर

काचेची ऑर्डर अजून दिली नसेल, तर माशांच्या आधी टाकीबद्दल लिहितो. आपण ठरवलेली टाकी आडवी पाडा, म्हणजे रुंदी अडीच फूट आणि उंची दोन फूट ठेवा. पाणी तेवढेच, साधारण ८५० लिटर, राहील. पण मोठ्या माशाला वळायला लागते ती रुंदी. उंचीचा त्याला फारसा उपयोग नसतो. पाण्याचा पृष्ठभाग वाढल्याने हवा जास्त मिसळते, आणि तळ साफ करताना बाही खांद्यापर्यंत भिजत नाही. शिवाय हाच भार १२ ऐवजी १५ चौरस फुटांवर पसरतो. काच, स्टँड आणि वाळू धरून हे वजन एक टनाच्या वर जाईल. राहत्या घराच्या मजल्यासाठी आपल्याकडे सर्वसाधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार गृहीत धरतात, म्हणून टाकी तुळईला लागून, भिंतीलगत बसेल असे पाहा आणि इमारतीचे नकाशे दाखवून स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्या. या कामी सुताराच्या शब्दावर विसंबू नये.

आता यादी. ‘मासा टाकीच्या मानाने वाढतो’ हे वाक्य मीही बारा वर्षांपूर्वी ऐकले होते आणि त्यावर विश्वास ठेवून चार ‘शार्क’ घरी आणले होते. हा शार्क नव्हे. मेकाँग नदीतला पंगास हा मांगुरासारखाच कॅटफिश गटातला मासा आहे. हॉटेलात ‘बासा’ म्हणून आपल्या ताटात बहुधा हाच येतो. तो मीटरभरापेक्षा मोठा होतो, थव्याने राहतो आणि विलक्षण घाबरट असतो. रात्री पाणी प्यायला उठून दिवा लावला की चौघे एकदम उधळायचे आणि काचेवर धाडकन आदळायचे. दीड वर्षात चौघांचीही तोंडे सोलवटून पांढरी पडली होती. वाढ थांबली होती हे खरे, पण कोंडल्यामुळे आणि पाण्यात साचलेल्या घाणीमुळे ती खुंटली होती, आणि एकाची पाठ वाकडी झाली होती. तेव्हा शार्क पूर्णपणे वगळा.

रेडटेल कॅटफिशही वगळा. अॅमेझॉनचा हा मासा चार फुटांपर्यंत जातो आणि तोंडात मावेल ते गिळतो, मग तो सोबतचा ऑस्कर का असेना. सिल्व्हर अरोवाना दिसायला देखणा खरा, पण तो अडीच-तीन फुटांचा होतो. अडीच फूट रुंदीच्या टाकीत त्याला अंग मुडपूनच वळावे लागेल. शिवाय तो उडी मारणारा मासा आहे. सहा फुटी टाकीत तो ठेवणारे पुण्यात पुष्कळ आहेत हे मला माहीत आहे. तरी मी ठेवणार नाही.

ऑस्कर मात्र अवश्य घ्या. पूर्ण वाढीला तो फूटभर होतो, घरातली माणसे ओळखतो आणि जेवणाच्या वेळी काचेपाशी येऊन उभा राहतो. दोन पिल्ले एकाच वेळी आणून एकत्र वाढवावीत, कारण मुरलेल्या ऑस्करच्या टाकीत नंतर आणलेला दुसरा सहसा मार खातो. त्यांच्या जोडीला आठ सिल्व्हर डॉलर आणि दोन सेव्हरम (ऑस्करच्याच कुळातला, त्याहून लहान मासा) ठेवा. डॉलर पाच-सहा इंचांचे होतात आणि त्यांचा थवा मधल्या पाण्यात फिरत असला की ऑस्करही निर्धास्त राहतात. घेताना एवढेच पाहा की लालसर पोटाची पिल्ले डॉलर म्हणून गळ्यात मारली जात नाहीत ना. ती मंडईत मिळणाऱ्या रूपचंदाची असतात आणि ताटाएवढी होतात. टाकीत झाडे लावण्याचा विचार असल्यास सोडून द्या, कारण डॉलर ती खातील आणि उरलेली ऑस्कर उपटतील.

सकरही नको. तो दीड फुटाचा होतो आणि जेवढे शेवाळ खातो त्याहून अधिक विष्ठा करतो. काच पुसायला चुंबकाचा घासणा पुरेसा असतो. आणि कोणताही मासा वाढला म्हणून नदीत सोडू नका. मुठेत सोडलेले भीमेतून उजनीपर्यंत पोहोचते, आणि बाहेरून आलेल्या चिलापीने उजनीत केवढे बस्तान बसवले आहे ते तिथल्या कोळ्यांना विचारा.

पाणवठा (सिंहगड रोड)

माशांच्या निवडीबाबत वरील मताशी सहमत आहे, म्हणून पाण्याविषयीच लिहिते. खडकवासल्याचे नळाचे पाणी मृदू असल्याने ते या दक्षिण अमेरिकी माशांना मानवते. उन्हाळ्यात सोसायटीने बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळले तर मात्र आधी तपासून घ्या. मृदू पाण्याची एक खोड अशी की खादाड माशांच्या टाकीत त्याचे आम्ल झपाट्याने वाढते. मी त्यासाठी सम्पमध्ये, म्हणजे टाकीखाली ठेवलेल्या फिल्टरच्या छोट्या टाकीत, जाळीच्या पिशवीत मूठभर शिंपले ठेवते.

आठवड्याला २०० ते २५० लिटर पाणी बदलावे लागेल. ते पिंपात दिवसभर हवा सोडून ठेवावे, किंवा हायपो (सोडियम थायोसल्फेटचे खडे) घालून क्लोरिन घालवावा. बदलाचा दिवस रविवार ठेवा. महापालिकेचे दुरुस्तीसाठीचे पाणी-बंद बहुधा गुरुवारी असते आणि शुक्रवारी पाणी उशिरा व कमी दाबाने येते, हे आपण जाणताच. महावितरणची देखभालीची कामेही बऱ्याचदा गुरुवारीच निघतात, तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या.

सम्पचा पंप ताशी चार हजार लिटरच्या आसपास असावा. फिल्टरमध्ये जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात, पण आपल्याकडे जुनी टाकी चालू आहे हे फार बरे. तिच्या फिल्टरमधला स्पंज नव्या सम्पमध्ये टाका, वेळ पुष्कळ वाचेल. डिसेंबरात बंद खोलीतही पाणी गार पडते, म्हणून एका मोठ्या हीटरऐवजी ३०० वॉटचे दोन लावा. एक अडकून चालूच राहिला तरी मासे उकडत नाहीत.

खाण्याला जिवंत गोल्डफिश देऊ नका. त्यांच्याबरोबर रोग येतात, आणि त्यांच्यातील एका घटकामुळे खाणाऱ्या माशाच्या शरीरातले बी-१ जीवनसत्त्व नष्ट होते. गोळ्यांचे खाद्य मुख्य ठेवून अधूनमधून सोललेली कोळंबी द्यावी.

काचघर (कोथरूड)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. शार्क, रेडटेल आणि सकर यादीतून काढले आहेत. अरोवाना सोडताना जड गेले, कारण मुलीने त्याचे नावही ठरवून ठेवले होते. आता ते एका ऑस्करला देऊ. काचेची ऑर्डर बदलली असून इंजिनिअरांना रविवारी बोलावले आहे. एक शंका राहते. दुकानदार आता मोठ्या सिल्व्हरऐवजी लहान राहणारा लाल आशियाई अरोवाना सुचवतो आहे. तो घ्यावा का?

भीमातीर

घेऊ नये. तोही दोन फुटांच्या आसपास जातो आणि तो साइट्स या वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टातला, म्हणजे सर्वाधिक संरक्षित गटातला मासा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्याला शासनाकडे नोंदणी करावी लागते. कागदपत्रांवाचून मिळणारा लाल अरोवाना म्हणजे पुढचे लचांड.

जाता जाता सुताराला एक विचारून ठेवा. टाकीखालच्या कपाटाच्या दारातून सम्प अख्खा बाहेर निघेल ना? माझा निघत नाही. पहिल्यांदा गळला तेव्हा मधली फळी करवतीने कापावी लागली होती.