युद्धाची झळ आणि लोकशाहीला 'पाठिंबा': नेमका शब्द कोणता?

शब्दवेध
युद्धातून गेलेल्या समाजांच्या जनमत-पाहण्यांवरचं लिखाण मराठीत येतं तेव्हा एकच शब्द सगळीकडे राबवला जातो: 'पाठिंबा'. नेत्याला पाठिंबा, सरकारला पाठिंबा, लोकशाहीलाही पाठिंबाच. मग एका पानावर 'युद्धामुळे पाठिंबा वाढतो' आणि पुढच्या पानावर 'युद्धामुळे पाठिंबा घटतो' अशी वाक्यं येतात. गंमत म्हणजे दोन्ही बरोबर असतात. वेगळे शब्द वापरून हा गुंता सुटेल का? 'समर्थन' चालेल? 'युद्धाचा अनुभव' हा शब्दप्रयोगही मला ढगळ वाटतो.

कोशकीटक
'समर्थन' नको. मराठीत समर्थन म्हणजे एखादी गोष्ट योग्य कशी हे पटवून देणं. आपण 'चुकीचं समर्थन' करतो ते याच अर्थानं. पाठिंब्याचा अर्थ त्याला हिंदीच्या शेजारामुळे चिकटला आहे. लोकशाहीचं समर्थन करणारा म्हणजे तिच्या बाजूनं वाद घालणारा. पाहणीत 'हो' म्हणणारा नव्हे.

'पाठिंबा' या शब्दातच 'पाठ' आहे. कुणाच्या तरी पाठीशी उभं राहणं. त्यामुळे तो माणसाला, पक्षाला, मागणीला शोभतो. शिवाय तो देता येतो तसा काढूनही घेता येतो. राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड ईस्टन यांनी 1965 मध्ये नेमकी हीच फोड केली: कामगिरी पाहून दिलेला पाठिंबा वेगळा, आणि कारभार बिघडला तरी व्यवस्थेबद्दल टिकून राहणारी आपुलकी वेगळी. पहिल्याला 'पाठिंबा' चपखल बसतो. दुसऱ्याला 'निष्ठा' म्हटलं तर व्यक्तिपूजेचा वास येतो, 'श्रद्धा' प्रश्न विचारू देत नाही. मी 'भरवसा' सुचवेन.

आकडेमोड
'भरवसा' घेतलात तर पंचाईत होईल. संसद, न्यायालय, लष्कर यांवर किती विश्वास आहे, हा पाहण्यांमधला वेगळा प्रश्न असतो. न्यायालयावर विश्वास नाही म्हणून न्यायालयं बंद करा असं कुणी म्हणत नाही. उलट ती सुधारा म्हणतो. लोकशाहीबद्दल विचारतात ती पर्यायांमधली निवड. आफ्रिकी देशांत होणाऱ्या अफ्रोबॅरोमीटर या जनमत-पाहणीच्या प्रश्नात तीन वाटा असतात: लोकशाही केव्हाही बरी, काही परिस्थितीत बिगरलोकशाही सरकार चालेल, आणि माझ्यासारख्याला काहीच फरक पडत नाही. याला सरळ 'लोकशाहीला पसंती' म्हणावं. शब्द सपक आहे, पण जे मोजलं तेच सांगतो.

युद्धात पहिल्यांदा उसळतो तो नेत्याला मिळणारा पाठिंबा. गॅलप या अमेरिकी संस्थेच्या पाहणीत 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांआधीच्या आठवड्यात अध्यक्ष धाकट्या बुश यांना 51 टक्के पाठिंबा होता, दोन आठवड्यांत तो 90 झाला. थोरले बुश 1991 च्या आखाती युद्धानंतर 89 टक्क्यांवर होते, 1992 ची निवडणूक हरले. या उसळीवरून लोकशाहीबद्दल काहीही अनुमान काढता येत नाही.

शब्दवेध
या उसळीला 'ध्वजाभोवती एकवटणं' म्हणतात. मराठीत ते ध्वजवंदनासारखं वाटतं.

कोशकीटक
आपल्याकडे 'वयं पंचाधिकं शतम्' आहेच की! आपसात ते शंभर आणि आम्ही पाच, परका आला की एकशे पाच. शास्त्रीय संज्ञा म्हणून मात्र 'संकटकालीन एकजूट' ठेवा. आणि यादवीत हा शब्द वापरू नका. 'यादवी' म्हणजे एकाच कुळातल्यांनी एकमेकांना मारणं. तिथे एकशे पाचांची बेरीजच फुटलेली असते. परचक्र आणि यादवी यांचे लोकमतावरचे परिणाम वेगळे असण्याचं मूळ कारण या दोन जुन्या शब्दांतच आहे.

वाटाड्या
पाठिंबा आणि पसंती यांतला फरक युक्रेनमध्ये ठळक दिसतो. लष्करी कायदा लागू असताना तिथे निवडणूक घेता येत नाही. अध्यक्षांचा पाच वर्षांचा काळ मे 2024 मध्ये उलटला, तरी लढाई चालू असताना मतदान नको असं म्हणणारेच पाहण्यांत बहुसंख्य राहिले. 'लोकांना निवडणूक नको' या मथळ्याचा अर्थ 'लोकशाही नको' असा लावला की फसगत झालीच. जुलै 2025 मध्ये भ्रष्टाचारविरोधी यंत्रणांची स्वायत्तता काढणारा कायदा झाला, तेव्हा हेच लोक पुठ्ठ्याचे फलक घेऊन रस्त्यावर आले आणि महिना संपायच्या आत तो कायदा मागे घ्यावा लागला. ब्रिटननेही 1935 ची संसद दर वर्षी नवा कायदा करून 1945 पर्यंत ताणली होती. युरोपातली लढाई संपताच मतदान झालं आणि युद्ध जिंकून देणारे चर्चिल हरले.

'कौल' शब्दही जपून वापरा. लायबेरियात जुलै 1997 मध्ये यादवीतले बंडखोर म्होरके चार्ल्स टेलर सुमारे 75 टक्के मतांनी निवडून आले. यानं माझ्या आईबापाला मारलं तरी मत यालाच, अशा अर्थाच्या घोषणा तेव्हा दिल्या जात होत्या. हरला तर हा पुन्हा बंदूक उचलेल, ही भीती त्या मतपेटीत होती. त्याला 'जनतेचा कौल' म्हणणं मला जड जातं. तो तहाचा हप्ता होता. आणि त्या हप्त्यानंही शांतता मिळाली नाही, 1999 मध्ये लढाई पुन्हा पेटली.

शब्दवेध
आणि 'अनुभव'?

आकडेमोड
'युद्धाची झळ' म्हणा. झळ कमीजास्त लागते, अंतरावरूनही लागते. मोजणाऱ्याला हेच हवं असतं. पाहणीत सहसा आठ-दहा घटनांची यादी वाचतात: घर पडलं का, गाव सोडावं लागलं का, जवळचं कुणी मारलं गेलं का, मारहाण डोळ्यांनी पाहिली का. मग 'हो'ची बेरीज करतात. इथेच चूक होते, कारण बेरजेत दूरचा तोफगोळा आणि भावाचा मृत्यू यांना सारखाच एक गुण पडतो. स्वतःला, कुटुंबाला आणि परिसराला लागलेली झळ असे तीन आकडे वेगळे ठेवावेत.

निष्कर्ष सरधोपट नाहीत. संशोधक क्रिस्टोफर ब्लॅटमन यांच्या 2009 च्या अभ्यासात, युगांडातल्या बंडखोरांनी पळवून नेलेले आणि परत आलेले तरुण इतरांपेक्षा जास्त मतदान करताना दिसले. सिएरा लिओनमध्येही यादवीची जास्त झळ लागलेली कुटुंबं गावसभांना जास्त जात होती. पण हा 'सहभाग' आहे. सभेला जाणारा माणूस विरोधकाचा हक्क मान्य करतोच असं नाही.

आणि विचारणार कुणाला? मेलेले, आघाडीवरचे, परदेशी गेलेले, शत्रूच्या ताब्यातल्या भागातले, हे सगळे नमुन्याबाहेर राहतात. सर्वांत जास्त होरपळलेलाच माणूस यादीत नसतो. उरलेले घाबरून उत्तर देतात. त्यावर यादीपद्धत आहे: निम्म्या लोकांना चार साधी विधानं, उरलेल्यांना तीच चार अधिक एक नाजूक विधान, किती पटतात एवढीच संख्या विचारायची. पहिल्या गटाची सरासरी 2.1 आणि दुसऱ्याची 2.4 आली, तर नाजूक विधान सुमारे 30 टक्क्यांना पटतं. मात्र नमुना मोठा लागतो, आणि पाचही पटणाऱ्याचं गुपित उघडं पडतं. म्हणून पहिल्या चारांत सहसा कुणालाच न पटणारं एक घालतात.

कोशकीटक
प्रश्नाच्या मराठीबद्दल एक भर. जागतिक मूल्य पाहणीत 'संसद आणि निवडणुकांची फिकीर करावी न लागणारा खंबीर नेता असणं' किती चांगलं किंवा वाईट, असं विचारतात. मराठीत विशेषण आधी येतं, त्यामुळे कानात शेवटी उरतो तो 'खंबीर नेता'. त्यात 'खंबीर', 'कणखर' हे आपल्याकडे कौतुकाचे शब्द. ज्या अटीवर सगळा प्रश्न उभा आहे ती वाक्याच्या सुरुवातीलाच विरून जाते. वाक्य फोडावं: 'एकच नेता सगळे निर्णय घेईल. त्याला संसदेला विचारावं लागणार नाही, निवडणूकही लढवावी लागणार नाही. अशी पद्धत कशी वाटते?'

वाटाड्या
फोडणं पटलं, पण 'खंबीर' गाळलं की पाहणीच्या जुन्या फेऱ्यांशी तुलना तुटते. निम्म्या नमुन्याला जुनं वाक्य, निम्म्याला नवं, असं एकदा तरी करून फरक छापावा लागेल.

शब्दवेध
मग सध्या असं लिहितो: नेत्याला 'पाठिंबा', संस्थांवर 'विश्वास', लोकशाहीला 'पसंती', मतदान-सभांना 'सहभाग', आणि अनुभवाऐवजी 'झळ'. 'भरवसा' बाजूला ठेवला आहे, कोशकीटकांनी राग मानू नये. 'युद्धोत्तर' राहिलाच. तह न होता नुसता गोळीबार थांबलेल्या ठिकाणी तो वापरायचा का?

कोशकीटक
नको. तिथे 'युद्धविरामानंतर' लिहा. भरवशाबद्दल अजून भांडणार आहे.