शेवटच्या दिवशी स्टॉलवर जा आणि भाव पाडा म्हणे!

सुरंगी (कुडाळ)

'दोन हजारांत दहा जणांची दिवाळी भेट, वर पुण्य फुकट' ही पोस्ट सगळ्यांकडे फिरतेय. ज्यांच्यापर्यंत पोचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मॉलमधले सुक्या मेव्याचे डबे सोडा, महिला बचत गटांकडून कोकम, काजू, आंबापोळी घ्या, स्वस्त पडतं आणि बायांना हातभारही लागतो. इथवर शंभर टक्के पटलं. पुढे मात्र लेखकमहाशय युक्ती सांगतात. प्रदर्शनाच्या शेवटच्या संध्याकाळी, आवराआवर सुरू झाली की जा. माल परत न्यायला गाडीभाडं परवडत नाही, त्यामुळे निम्म्यात देतात.

हे वाचून डोकंच फिरलं. माझी काकी अशाच एका गटात आहे. आंबापोळी कशी होते ते त्या माणसाने एकदा बघावं. ताटाला तुपाचं बोट फिरवून रसाचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की त्यावर दुसरा, मग तिसरा. मे महिन्याचं ऊन डोक्यावर, कावळ्यांवर एक डोळा आणि वळवाच्या ढगावर दुसरा. ढग आला की सगळी ताटं घेऊन पडवीत धाव. एक थर भिजला की सगळी पोळी गेली. आणि तुम्ही दिवाळीत येऊन म्हणणार, "मावशी, शेवटचं पाकीट आहे, अर्ध्यात द्या." वर पुण्यही तुमच्याच खात्यात?

काटकसर करा ना, कोण नको म्हणतंय? पण ती दुसऱ्याच्या कनवटीतून नको.

हिशेबी मास्तर (रत्नागिरी)

ताई, इतकं तापण्यासारखं काय आहे? विकणारी राजी, घेणारा राजी. तिला ते पाकीट परत नेऊन सादळवण्यापेक्षा निम्मे पैसे हातात आलेले बरे. मी निवृत्त शिक्षक. व्याही, भाचे, शेजारी, दूधवाला, सगळ्यांना काही ना काही द्यावंच लागतं. माझ्या पेन्शनचाही कोणीतरी कळवळा करा.

रापणकर (देवबाग)

मास्तर, मासळी बाजारात दुपारी बारानंतर बांगड्याचा भाव पडतो, कारण बर्फ संपलेला असतो. आमसुलाला बर्फ लागतो काय? मीठ लावून नीट सुकवलेलं आमसूल वर्षभर टिकतं. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, तोही टिकतो. माल नासतोय म्हणून ती बाई भाव पाडत नाही, शेवटची एसटी चुकेल म्हणून पाडते. तुम्ही त्या एसटीचा फायदा उठवताय.

चाकरमानी (डोंबिवली)

तुम्ही भावावरून भांडताय, पण तो माल तरी कोकणचा असतो का? गणपतीला जाताना हायवेवर 'अस्सल वेंगुर्ला काजू' अशी पाटी बघून दोन किलो घेतला. पैसे देताना मागे नजर गेली तर पोत्यांवर फ्रेंच अक्षरं! आमच्या पोराने मोबाईलवर बघून सांगितलं, बाबा, आयव्हरी कोस्ट. म्हणजे मी अलिबागच्या बाजूला उभा राहून आफ्रिकेला हातभार लावत होतो.

बागायतदार (वेंगुर्ला)

चाकरमानी, निदान पोतं तरी बघितलंत. बाकीचे पाटीच बघतात.

आता नीट ऐका. आमच्याकडे काजूची बी मिळते मार्च ते मे. कारखाना चालवायचा असतो बारा महिने. सुमारे चार किलो बी फोडावी तेव्हा कुठे किलोभर गर निघतो. मग इथली बी संपली की आयव्हरी कोस्ट, टांझानियाची बी येते, इथे फुटते आणि पाटी लागते वेंगुर्ल्याची. वेंगुर्ला काजूला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, आमच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ सारखी वाणं दिली, आम्ही ती लावली, वाढवली. आणि ऐन हंगामात व्यापारी म्हणतो, "बाहेरची बी स्वस्त आहे, द्यायची तर द्या." बांद्याच्या पलीकडे गोव्यात सरकार बीला आधारभूत किंमत देतं. अलीकडे आम्ही फक्त आधारभूत भाषणं ऐकतो.

पावणेदोन (ठाणे)

अस्सल, अस्सल काय लावलंय? काजूच मुळात ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी आणला. त्या हिशेबाने मिरचीही परत पाठवा.

बागायतदार (वेंगुर्ला)

पाठवतो. सोबत तुमकाय पाठवतो. चारशे वर्षांपूर्वी आला म्हणून आज माझ्या बीला भाव नको काय?

सुरंगी (कुडाळ)

धागा काजूचा नाहीये!

चाकरमानी (डोंबिवली)

ताई, काजूशिवाय कोकणातली दिवाळी भेट दाखवा मग. आणि बागायतदार, ग्राहकाने ओळखायचं कसं? एवढंच सांगा, बाकी भाषण नको.

बागायतदार (वेंगुर्ला)

चेहऱ्यावरून नाय ओळखता येत. विचारायचं: बी कोणाच्या बागेतली, कधी फोडली, कुठे फोडली. खरा असेल तो गावासकट सांगेल. गोलगोल बोलला की पुढच्या दुकानात.

काळे हात (सावंतवाडी तालुका)

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. माझी आई काजू कारखान्यात बी फोडायची. टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडं जळतं. खोबरेल लावायची, राख लावायची, तरी बोटं काळी ती काळीच. लग्नाकार्यात हात पदराखाली धरून बसायची. पैसे किलोवर, आणि अख्ख्या गराला जास्त. गर फुटला की मजुरी फुटली.

तुम्हा सगळ्यांना डब्यात अख्खा, पांढरा, मोठा काजू हवा. डब्ल्यू ३२० म्हणजे पौंडाला तीनशेवीसपर्यंत गर, डब्ल्यू १८० म्हणजे त्याहून मोठे आणि महाग. अहो, पाकळी घ्या, तुकडा घ्या! तोच गर, तीच चव, दर बराच खाली. खिरीत, चिवड्यात, उसळीत शेवटी तुकडेच करता ना? मास्तरांना काटकसर करायची आहे तर इथे करावी. यात कोणाच्याच पोटावर पाय येत नाही.

हिशेबी मास्तर (रत्नागिरी)

बरं बाई, हे पटलं. व्याह्यांनी विचारलं की काजू फोडून का पाठवलात, तर तुमच्याकडे बोट दाखवतो.

चितारआळी (सावंतवाडी)

मी लाकडी खेळणी रंगवतो. सुरंगीताई, तुमचा कळवळा मान्य, पण एक कडू गोष्ट सांगतो. शेवटच्या संध्याकाळी मीसुद्धा कमी भावात देतो आणि देणारच. स्टॉलचं, राहण्याचं, जेवणाचं भागवून घरी जायचं असतं. त्या वेळी कोणी आलाच नाही, तर तुमच्या तत्त्वाची मी भाजी करू? राग कोणावर काढायचा तर जे पहिल्या दिवशी येतात, प्रत्येक लाकडी फळ उचलून बघतात, फोटो काढतात आणि "छान आहे हो" म्हणून पुढे जातात त्यांच्यावर.

हातरंगाची दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पत्ते, प्रत्येकावर ब्रश फिरतो. ती स्वस्तात मागूच नका. स्वस्तात हवं तर पांगाऱ्याच्या लाकडाची छोटी फळं घ्या, पोरांच्या भातुकलीला होतात. आणि खरंच मदत करायची असेल तर दोन महिने आधी सांगा, थोडे पैसे आगाऊ द्या. लाकूड, रंग, लाख उधारीवर आणावं लागलं नाही की मीच दर कमी लावतो. तुम्हाला घासाघीस करायची वेळच येत नाही.

सुरंगी (कुडाळ)

तुम्ही देता हे तुमच्या गरजेपोटी. ती गरज ओळखून, वेळ साधून जायचं आणि त्याला पुण्य म्हणायचं, माझा आक्षेप त्याला आहे. आगाऊ पैशाचं मात्र सोळा आणे बरोबर. आमच्या काकीचा गटही हेच म्हणतो, वैशाखात कोणी ऑर्डर देत नाही, अश्विनात सगळ्यांना एकदम हवं असतं.

पावणेदोन (ठाणे)

पुण्य-पुण्य चाललंय म्हणून सांगतो. खरेदी ती खरेदी, देणगी ती देणगी. पाचशेचं कोकम घेऊन समाजसेवा केल्याचा फोटो टाकू नका. दान करायचं असेल तर संस्थेला वेगळे पैसे द्या आणि पावती घ्या.

रापणकर (देवबाग)

आज पहिल्यांदा कामाचा बोललास. मिरचीचा माफ केला.

चाकरमानी (डोंबिवली)

कुरिअरचं काय? गेल्या वर्षी आगळाच्या बाटल्या मागवल्या, निम्म्या पैशांचं आगळ आणि निम्म्याचं कुरिअर. एक बाटली फुटून सगळं पार्सल लाल. मग मॉलमधला डबा काय वाईट?

सुरंगी (कुडाळ)

बाटली मागवता कशाला? आमसूल मागवा, सांडत नाही, हलकं आहे. आणि एकेकट्याने मागवण्यापेक्षा डोंबिवलीतल्या पाच-सहा घरांनी एकत्र मागवा. दसऱ्याच्या आत कळवा, काकीला सांगते. भाव पाकिटावर लिहिलेला असेल तोच.

हिशेबी मास्तर (रत्नागिरी)

माझा दोन किलो तुकडा धरा. घासाघीस करणार नाही, पण वजनाची पावती हवी.

चाकरमानी (डोंबिवली)

आणि पोत्याचा फोटो.