विषय: दिवाळीचं पत्रक – 'राजभट' म्हणजे नक्की कुठलं?

प्रेषक: मीनल (सांस्कृतिक समिती)
मंडळी, पत्रक आज रात्री छापायला जातंय. स्थळ "राजभट विद्यापीठ सभागृह, बँकॉक" असं टाकलंय. हरकत असेल तर सातच्या आत कळवा, नंतर बदल होणार नाही.

प्रेषक: सुहास
हरकत आहे. कोजागिरीचा घोळ विसरलात? अर्धी मंडळी रत्चदाफिसेकच्या चंद्रकासेम राजभटला, अर्धी बांग खेनच्या फ्रानाखोन राजभटला. मसाला दूध एकीकडे आणि प्यायला माणसं दुसरीकडे. राजभट नावाची विद्यापीठं नुसत्या बँकॉकात पाच आहेत, थायलंडभरात 38. बोधचिन्हही सगळ्यांचं एकाच घाटाचं, राजे भूमिबोल यांच्या मुद्रेचं. फाटकात उभं राहिलं तरी चुकल्याची शंका येत नाही. पूर्ण नाव टाका.

प्रेषक: मीनल
सुहासदादा, कोजागिरीचं पत्रक आमच्या समितीनं केलेलं नव्हतं. आणि हॉल बानसोमदेतचा आहे हे मागच्या सभेत सांगून झालंय. "बानसोमदेतचाओफ्राया राजभट विद्यापीठ" एका ओळीत मावत नाही, प्रायोजकांचा लोगो खाली जातो.

प्रेषक: अण्णा
जाऊ दे की खाली. इसराफाप रस्त्यावर दोन राजभट आहेत, बानसोमदेत आणि थोनबुरी. टॅक्सीवाला आधी जे लागेल तिथे उतरवून मोकळा होतो. सोई 15 (म्हणजे गल्लीचा नंबर) लिहा आणि नाव थाई अक्षरांतही द्या.

प्रेषक: राहुल
एवढं करण्यापेक्षा स्वान दुसितला का करत नाही? तेही राजभटच, आणि खाण्यापिण्याची चंगळ.

प्रेषक: सुहास
स्वान दुसित 2015 मध्येच राजभटांतून बाहेर पडलं. त्याला लागून आहे ते स्वान सुनंधा राजभट. बघा, हाच घोळ!

प्रेषक: राहुल
बरं, मग श्रीनखरिनविरोत? तेही राजभटांसारखं मूळचं मास्तर घडवणारं कॉलेजच ना?

प्रेषक: मंजिरी
राहुल, ते घराणं वेगळं. प्रसानमितचं शिक्षण महाविद्यालय 1974 मध्ये श्रीनखरिनविरोत विद्यापीठ झालं. बुरफा, नरेसुआन, महासारखाम, थाकसिन ही त्याच्याच शाखांची पुढे झालेली विद्यापीठं. राजभट म्हणजे प्रांतोप्रांतीची साधी अध्यापक महाविद्यालयं. फ्रानाखोन तर आपलं मूळ 1892 च्या, देशातल्या पहिल्या अध्यापक शाळेपर्यंत नेतं. पुढे शिक्षक इतके झाले की नोकऱ्या पुरेनात, तेव्हा 1984 मध्ये कायदा बदलून बाकीचे विषय शिकवायला मोकळीक दिली. 1992 मध्ये राजांनी राजभट हे नाव दिलं, 2004 मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

आमच्या ऑफिसातली हिशेब बघणारी मुलगी छाछोंगसाओच्या राजभटची. तिची आई त्याच आवारात शिक्षिका व्हायला शिकली, तेव्हा फाटकावर नुसतं अध्यापक महाविद्यालय होतं. मुलीनं अकाउंट्स केलं, घरून ये-जा करून. बँकॉकला खोली घेऊन राहायची ऐपत नव्हती, राजभट नसतं तर बारावीनंतर घरी बसली असती. आपल्याकडे मुलांच्या ॲडमिशनचा विषय निघाला की "राजभट? छे!" असं जे नाक मुरडलं जातं, ते मला पटत नाही.

प्रेषक: अण्णा
मंजिरीताई, शंभर टक्के. आपल्याकडे महाराष्ट्रात गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली, भरती थांबल्यावर धडाधड बंद पडली. माझी धाकटी बहीण डी.एड. होऊन आज पतसंस्थेत आहे. इथल्यांनी कॉलेजं न मोडता त्यातच दुसरे विषय आणले.

प्रेषक: सुहास
अण्णा, सगळं गोड नाही. माझ्या हाताखाली राजभटचे दोघं आहेत. कामाला वाघ, पण बढतीच्या वेळी वरचे लोक अजून नामांकित चुलालोंगकोर्न विद्यापीठाची पदवी शोधतात.

प्रेषक: अण्णा
मग तो दोष वरच्यांचा.

प्रेषक: खजिनदार
ही चर्चा चहाला करा. हॉलची अनामत भरायची आहे आणि निम्म्या घरांची वर्गणी अजून आलेली नाही. स्वान दुसित सुचवणाऱ्यांचीसुद्धा.

प्रेषक: मीनल
पूर्ण नाव, सोई 15 आणि थाई अक्षरं टाकली. लोगो खाली गेला. प्रायोजकांचा फोन आला तर तो अण्णांनी घ्यायचा. पत्रक गेलं.

प्रेषक: राहुल
सोईत गाडी लावायला जागा मिळेल का?

प्रेषक: मंजिरी
फराळाच्या यादीत माझ्या नावापुढे अनारसे कोणी टाकले? मी चिवडा म्हटलं होतं.